डॉक्टर, तुमचा परवाना कोणत्या राज्याचा?

अमेरिकेत ब्रिस्टल नावाचे एक शहर आहे. खरे म्हणजे ती एकमेकांना चिकटलेली दोन शहरे आहेत. शहराच्या मुख्य रस्त्याचे नाव 'स्टेट स्ट्रीट', आणि दोन राज्यांची सीमा नेमकी या रस्त्याच्या मधून जाते. रस्त्यात पितळी खुणा बसवलेल्या आहेत. खुणांच्या उत्तरेकडची दुकाने व्हर्जिनिया राज्यात, दक्षिणेकडची टेनेसी राज्यात. गिऱ्हाईक पाच पावले चालून रस्ता ओलांडते आणि दुसऱ्या राज्यात पोचते. वाहन चालवण्याचा परवाना एका बाजूचा असला तरी दुसऱ्या बाजूला चालतो. दोन्हीकडे तीच भाषा, तेच चलन, आणि पडसे-खोकलाही तोच.

आता समजा, उत्तरेच्या बाजूला एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. त्यांच्याकडे फक्त व्हर्जिनियाचा परवाना आहे. रस्त्यापलीकडच्या घरात त्यांची एक वयस्कर रुग्ण राहते. तिला चालवत नाही म्हणून डॉक्टरांनी बॅग उचलून तिच्या घरी जावे, असे आपल्याला सहज वाटेल. पण अचानक प्राणावर बेतले असेल असा प्रसंग सोडला, तर तसे करणे हा टेनेसीच्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. बाई रस्ता ओलांडून दवाखान्यात आल्या तर मात्र काहीच अडचण नाही. डॉक्टर तेच, रुग्ण तीच, आजारही तोच. मग पाच पावलांनी असा काय फरक पडला?

प्रश्न वरवर कायद्याचा दिसतो, पण त्यात आपल्या सर्वांच्या जिवाशी संबंधित अशी एक गोष्ट दडलेली आहे. ती समजून घेण्यासाठी आधी परवाना म्हणजे काय ते नीट पाहू.

परवान्याची तीन कामे

पदवी आणि परवाना या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. पदवी विद्यापीठ देते. अमुक व्यक्तीने अमुक अभ्यास पुरा केला, एवढेच ती सांगते. एकदा दिली की ती आयुष्यभर राहते. परवाना सरकारने नेमलेले मंडळ देते आणि ते तीन कामे करते.

पहिले काम दारावरच्या पहारेकऱ्याचे. या व्यक्तीने योग्य शिक्षण घेतले आहे का, परीक्षा दिली आहे का, अनुभव घेतला आहे का, हे तपासूनच तिला व्यवसायात येऊ द्यायचे. दुसरे काम हजेरीपटाचे. आपल्या हद्दीत कोण कोण रुग्ण तपासत आहे, त्यांचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक मंडळाकडे असले पाहिजेत. ठरावीक वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते ते यासाठीच. तिसरे काम तक्रार ऐकण्याचे. डॉक्टरने निष्काळजीपणा केला, दारू पिऊन शस्त्रक्रिया केली, रुग्णाशी गैरवर्तन केले, तर रुग्णाने कोणाकडे जायचे? मंडळाकडे. चौकशी करून परवाना काही काळ थांबवणे किंवा कायमचा काढून घेणे, हा अधिकार मंडळाचा असतो.

ही तीन कामे लक्षात ठेवू या. पुढची सारी गुंतागुंत या तिघांतले कोणते काम सीमेपलीकडे नेता येते आणि कोणते नेता येत नाही, याचीच आहे.

राज्यांकडे हा अधिकार आला कोठून?

अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा तीत आरोग्याचा उल्लेखच नव्हता. १७९१ मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या घटनादुरुस्तीने सांगितले, की जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील. लोकांचे आरोग्य आणि सुरक्षितता जपणे हे त्यामुळे राज्यांचे काम ठरले.

पण हा अधिकार राज्यांनी वापरला मात्र फार उशिरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथे जवळजवळ कोणीही स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ शकत असे. ॲलोपॅथीवाले, होमिओपॅथीवाले, वनस्पतींच्या औषधांवर भर देणारे 'एक्लेक्टिक' पंथाचे डॉक्टर, सारेच एकमेकांना भोंदू म्हणत. पैसे घेऊन पदव्या विकणारी महाविद्यालयेही होती. फिलाडेल्फिया शहरातल्या अशाच एका 'महाविद्यालया'च्या प्रमुखाला, जॉन बुकॅनन याला, १८८० मध्ये अटक झाली. त्याने विकलेल्या पदव्या देशोदेशी पोचल्या होत्या.

येथे एका गोष्टीची आठवण होते. याच फिलाडेल्फियात १८८३ साली आपली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी पोचली. तेथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात कष्टाने अभ्यास करून तिने १८८६ मध्ये पदवी मिळवली. म्हणजे एकाच शहरात थोड्याच वर्षांच्या अंतराने एक पदवी पैसे मोजून विकत मिळत होती आणि दुसरीसाठी एक मुलगी समुद्र ओलांडून, प्रकृतीची पर्वा न करता अभ्यास करत होती. दोन्ही कागद भिंतीवर टांगले तर रोग्याला त्यांतला फरक कसा कळणार? परवान्याची गरज नेमकी येथे निर्माण झाली.

वेस्ट व्हर्जिनिया राज्याने १८८१-८२ मध्ये कायदा केला. डॉक्टरकी करायची तर तीनपैकी एक अट पुरी हवी : नावाजलेल्या महाविद्यालयाची पदवी, राज्यात सलग दहा वर्षे व्यवसाय केल्याचा पुरावा, किंवा मंडळाची परीक्षा. फ्रँक डेंट नावाचे एक डॉक्टर तेथे १८७६ पासून रुग्ण तपासत होते. दहा वर्षे भरत नव्हती. त्यांच्याकडे सिनसिनाटीच्या एका एक्लेक्टिक महाविद्यालयाची पदवी होती, ती मंडळाने मान्य केली नाही. तरीही ते व्यवसाय करत राहिले, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. डेंट यांचे म्हणणे असे, की माझा चालता व्यवसाय सरकारने हिरावून घेतला, आणि घटनेने मला दिलेल्या संरक्षणाच्या हे विरुद्ध आहे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी १८८९ मध्ये न्यायालयाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी मांडलेला विचार आजही शिकवण्याजोगा आहे. डॉक्टरची गरज कोणालाही, केव्हाही पडू शकते. पण डॉक्टरला खरोखर किती येते हे पारखणे फारच थोड्यांना जमते. म्हणून सामान्य माणसाला परवान्यावर विसंबावे लागते, आणि तो विश्वास सार्थ ठेवणे हे राज्याचे काम आहे.

या निकालानंतर राज्याराज्यांत परवाना मंडळे पक्की झाली. आज अमेरिकेत पन्नास राज्ये आहेत. काही राज्यांत दोन प्रकारच्या डॉक्टरांसाठी वेगवेगळी मंडळे आहेत, आणि राजधानी वॉशिंग्टन व इतर प्रदेशांची मंडळे धरली तर त्यांची संख्या सत्तरच्या आसपास जाते.

परीक्षा एक, परवाने अनेक

विसाव्या शतकात पहिले काम, म्हणजे दारावरची तपासणी, हळूहळू देशभर एकसारखी होत गेली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातली दीडशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये स्वतः पाहून एक अहवाल लिहिला. त्यानंतर निकृष्ट महाविद्यालये मोठ्या संख्येने बंद पडली किंवा दुसऱ्यांत विलीन झाली. (त्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देणारी काही महाविद्यालयेही बुडाली, हे विसरता येत नाही.) १९१५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळ स्थापन झाले. १९९२ पासून टप्प्याटप्प्याने सर्व राज्यांना मान्य असणारी एकच परीक्षा सुरू झाली. आपल्याकडून अमेरिकेत जाणारे डॉक्टर जिला 'यू.एस.एम.एल.ई.' म्हणतात, ती हीच.

म्हणजे अलाबामात रुग्ण तपासणारा डॉक्टर आणि अलास्कात तपासणारा डॉक्टर एकच परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात. मग एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात का चालू नये?

कारण उरलेली दोन कामे अजून राज्यांकडेच आहेत. प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे, अर्ज वेगळा, नूतनीकरणाची मुदत वेगळी. परदेशात शिकलेल्या डॉक्टरने अमेरिकेतल्या रुग्णालयात किती वर्षे प्रशिक्षण घेतलेले असावे, याचेही उत्तर राज्यागणिक बदलते. म्हणून मुंबई-पुण्याचा एखादा डॉक्टर तेथे एका राज्यात वर्षानुवर्षे काम करून नोकरीसाठी शेजारच्या राज्यात गेला, तर महाविद्यालयाची प्रमाणपत्रे, परीक्षेचे निकाल, आधीच्या मंडळांचे दाखले ही सारी कागदपत्रे पुन्हा जमवावी लागतात.

यावर कोणी म्हणेल, हा निव्वळ कागदी घोड्यांचा खेळ आहे, मोडीत काढा. पण थांबा. दुसरी बाजूही पाहू.

पाटी कोरी करून पळणारे

मायकेल स्वँगो नावाच्या डॉक्टरला १९८५ मध्ये इलिनॉय राज्यात शिक्षा झाली. त्याने रुग्णवाहिकेवरच्या सहकाऱ्यांच्या खाण्यापिण्यात विष घातले होते. तुरुंगातून सुटल्यावर त्याने खोटी कागदपत्रे तयार केली. त्यांच्या जोरावर १९९२ मध्ये साउथ डकोटात आणि ते उघडकीस आल्यावर १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याला पुन्हा रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरची जागा मिळाली. पुढे तो आफ्रिकेत झिंबाब्वेलाही गेला. अखेर सन २००० मध्ये त्याने न्यूयॉर्कमधील तीन रुग्णांच्या खुनाची कबुली दिली आणि त्याला जन्मठेप झाली.

हे टोकाचे उदाहरण आहे, पण त्यामागचा दोष मात्र नेहमीचा होता. एका राज्याच्या हजेरीपटावर मारलेली लाल फुली दुसऱ्या राज्याला दिसत नसे. परवाना गेलेला डॉक्टर सामान बांधून सीमा ओलांडे आणि नव्या ठिकाणी कोऱ्या पाटीने सुरुवात करी. हे थांबवण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने १९८६ मध्ये कायदा केला आणि सप्टेंबर १९९० मध्ये डॉक्टरांवरील कारवायांचे एक राष्ट्रीय माहितीभांडार सुरू झाले. डॉक्टर नेमताना आणि नंतर दर दोन वर्षांनी या भांडारात चौकशी करणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. मात्र ते सुरू होण्यापूर्वीच्या कारवाया त्यात नव्हत्या. स्वँगोची पहिली शिक्षा त्यातलीच.

तेव्हा सीमेवरचा अडथळा दोन कामे करतो असे दिसते. चांगल्या डॉक्टरला तो विनाकारण अडवतो, आणि वाईट डॉक्टरला मात्र माहितीच्या अभावी पुष्कळदा अडवू शकत नाही. यातून एक महत्त्वाचा धडा मिळतो. रुग्णाचे खरे संरक्षण सीमेवरच्या भिंतीने होत नाही. ते भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांना माहिती देण्याने होते.

सीमा ओलांडतो कोण?

आता ब्रिस्टलच्या कोड्याकडे परत येऊ. सर्वसाधारण नियम असा आहे, की उपचार 'घडतो' तो रुग्ण जेथे असेल तेथे. रुग्ण रस्ता ओलांडून दवाखान्यात आला, तर उपचार व्हर्जिनियात घडला. डॉक्टर रस्ता ओलांडून घरी गेला, तर तो टेनेसीत घडला. तक्रार करायची वेळ आली तर रुग्णाला आपल्याच राज्याच्या मंडळाकडे जाता यावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे.

दूरध्वनी आणि संगणक आले तेव्हा या नियमाची परीक्षा सुरू झाली. दोघेही जागेवरून हलत नाहीत. आवाज आणि चित्र मात्र सीमा ओलांडून जाते. नियमाप्रमाणे उपचार रुग्णाच्या राज्यात घडतो, म्हणजे डॉक्टरकडे त्या राज्याचा परवाना हवा. एखाद्या दुर्मीळ आजाराचे तज्ज्ञ देशात मोजकेच असतात, आणि विरळ वस्तीच्या राज्यांत मानसोपचारतज्ज्ञ शेकडो मैलांवर असतो. फोनवर सल्ला मिळू शकतो, पण कायदा आडवा येतो. गावाकडच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे उपचार घेणारी मुलगी महाविद्यालयासाठी दुसऱ्या राज्यात गेली की तिचा उपचार मध्येच तुटू शकतो. ज्या वेळी आधाराची सर्वांत जास्त गरज, नेमका त्या वेळी.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ पसरली आणि चित्र एकदम पालटले. न्यूयॉर्कची रुग्णालये भरून वाहू लागली. डॉक्टर आणि परिचारिका देशभरातून हव्या होत्या. राज्यांनी तातडीचे आदेश काढून परराज्यांतल्या परवान्यांना तात्पुरती मान्यता दिली. लाखो रुग्ण घरबसल्या दूरच्या डॉक्टरांशी बोलू लागले. पुढे साथ ओसरू लागली तसे हे आदेश एकेका राज्यात संपत गेले. रुग्णालयांना परराज्यांतल्या रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा काही रुग्णांनी एक युक्ती काढली. गाडी काढायची, सीमा ओलांडायची, पलीकडच्या पहिल्या वाहनतळावर गाडी थांबवायची आणि गाडीत बसूनच फोनवर डॉक्टरांशी बोलायचे. घरून बोलले तर बेकायदा, वाहनतळावरून बोलले तर कायदेशीर! कर्करोगाच्या रुग्णाने डॉक्टरांशी बोलण्यासाठी तासभर गाडी चालवत जावे, यात त्याचे कोणते संरक्षण झाले?

काहींना मात्र ही अडचण कधीच नव्हती. माजी सैनिकांसाठीच्या केंद्र सरकारी रुग्णालयांत कोणत्याही एका राज्याचा परवाना चालतो, आणि २०१८ पासून तेथल्या डॉक्टरांना कोणत्याही राज्यातल्या माजी सैनिकाला दूरसंवादाने तपासता येते. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला : खेळाच्या संघाबरोबर परराज्यात जाणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्याच राज्याच्या परवान्याचा आणि विम्याचा आधार मिळाला. खेळाडूचा गुडघा सीमा ओलांडू शकतो, मग सामान्य माणसाचा का नाही, असे कोणी विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

दोन करार, दोन वाटा

राज्यांचा अधिकार न काढता वाट काढायची कशी? अमेरिकेच्या घटनेत राज्यांनी आपापसांत करार करण्याची सोय आहे. नदीचे पाणी, बंदरे, वाहन परवाने यांसाठी असे करार पूर्वीपासून होते. आरोग्यसेवेत पहिला मोठा करार केला तो परिचारिकांसाठी.

सन २००० मध्ये हा करार मोजक्या राज्यांत सुरू झाला, आणि २०१८ पासून त्याची सुधारलेली आवृत्ती लागू आहे. त्याची रीत वाहन परवान्यासारखी आहे. परिचारिका जेथे कायम राहते ते तिचे 'घरचे राज्य'. घरचे राज्य तिची पूर्ण तपासणी करून एकच परवाना देते, आणि तो करारातल्या सर्व राज्यांत चालतो. मात्र ती ज्या राज्यातल्या रुग्णाची सेवा करील, त्या राज्याचे कायदे तिने पाळायचे. चूक झाली तर ते राज्य तिला आपल्या हद्दीत काम करण्यास मनाई करू शकते. मूळ परवाना काढून घेण्याचा अधिकार घरच्या राज्याचा. आणि ही कारवाई सर्व राज्यांना एका सामाईक नोंदवहीत दिसते.

डॉक्टरांचा करार पुष्कळ नंतर आला. २०१५ मध्ये पहिल्या सात राज्यांनी तो स्वीकारला आणि २०१७ पासून त्यानुसार परवाने मिळू लागले. गंमत अशी, की त्या सात राज्यांत वेस्ट व्हर्जिनियाही होते. म्हणजे ज्या राज्याच्या कायद्यावर डेंट यांचा खटला उभा राहिला, तेच राज्य सीमा सैल करण्यातही पहिल्या रांगेत होते.

डॉक्टरांच्या कराराची रीत मात्र वेगळी आहे. येथे एक परवाना सर्वत्र चालत नाही. डॉक्टर आपल्या मुख्य राज्याकडे एकदाच कागदपत्रे देतो. ते राज्य त्याची पार्श्वभूमी तपासते : परीक्षा किती प्रयत्नांत दिली, विशेषज्ञ म्हणून मान्यता आहे का, पूर्वी कधी कारवाई झाली आहे का. सारे स्वच्छ असेल तर तसा दाखला देते. मग डॉक्टरने निवडलेली प्रत्येक राज्ये आपापला स्वतंत्र परवाना लवकर देतात. परवाने अनेकच राहतात, शुल्कही प्रत्येकाचे. वाचतो तो वेळ आणि कागदांची पुनरावृत्ती.

शाळेतल्या उदाहरणाने फरक असा सांगता येईल. परिचारिकांचा करार म्हणजे एका शाळेचे ओळखपत्र तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या ग्रंथालयांत चालणे. डॉक्टरांचा करार म्हणजे एका शाळेने शिफारसपत्र दिले की बाकीच्या शाळांनी आपापले ओळखपत्र झटपट बनवून देणे.

आज दोन्ही करारांत बहुसंख्य राज्ये आहेत. पण काही मोठी राज्ये दीर्घकाळ बाहेर राहिली. त्यांच्या शंका अगदीच पोकळ नाहीत. आपल्या राज्याच्या अटी कडक असतील तर सैल अटींच्या राज्यातून येणाऱ्यांना दार उघडायचे का? काही परिचारिका संघटना विचारतात, की संप झाला तर मालक परराज्यांतून माणसे आणून तो मोडणार नाहीत का? मंडळांचा खर्च परवान्याच्या शुल्कावर चालतो. शुल्क घटले तर तक्रारींची चौकशी कोणाच्या पैशाने करायची?

आणि एक प्रश्न कराराने सुटणारा नाही. काय करणे कायदेशीर आहे, याबाबतच राज्यांत मतभेद असले तर? जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. त्यानंतर काही राज्यांनी गर्भपातावर बंदी घातली, तर काहींनी परराज्यांतल्या रुग्णांना औषधे देणाऱ्या आपल्या डॉक्टरांना संरक्षण देणारे कायदे केले. २०२५ मध्ये लुइझियाना राज्यात न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर आरोप ठेवला गेला, आणि न्यूयॉर्कच्या राज्यपालांनी त्या डॉक्टरला सोपवण्यास नकार दिला. 'उपचार घडतो कोठे?' हा ब्रिस्टलच्या रस्त्यावरचा प्रश्न किती दूरवर पोचू शकतो, हे यावरून दिसते.

दुसरी रीत : ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाही राज्यांचा संघ आहे. तेथेही प्रत्येक राज्याची आणि प्रत्येक व्यवसायाची वेगळी मंडळे होती. ती ऐंशीहून अधिक होती. राज्यांनी विचारविनिमय करून एक मार्ग काढला. क्वीन्सलँड राज्याने २००९ मध्ये एक नमुना कायदा केला आणि बाकीच्या राज्यांनी तोच कायदा आपापल्या विधिमंडळांत स्वीकारला. १ जुलै २०१० पासून दहा व्यवसायांसाठी दहा राष्ट्रीय मंडळे कामाला लागली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सामील झाले. आता सिडनीचा डॉक्टर पर्थला जाताना नवा परवाना मागत नाही. नोंदवहीही एकच, आणि ती कोणाही नागरिकाला पाहता येते.

आणि आपण?

आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे, पण वैद्यकीय व्यवसाय हा केंद्र आणि राज्ये या दोघांचा, समवर्ती सूचीतला. त्यामुळे आपली व्यवस्था अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या मधली आहे. डॉक्टरांची नोंदणी आपल्याकडे प्रांतांतूनच सुरू झाली. मुंबई प्रांताचा कायदा १९१२ चा. पुढे १९५६ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला भारतात कोठेही व्यवसाय करण्याचा हक्क दिला. सप्टेंबर २०२० मध्ये त्या कायद्याची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याने घेतली.

तरी व्यवहारात राज्य परिषदा आपल्याकडे नोंदणी मागतात, आणि राज्य बदलताना जुन्या परिषदेचा ना-हरकत दाखला आणावा लागतो. केरळमधून मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत येणाऱ्या परिचारिकांनाही महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. प्रत्येक डॉक्टरला एकच ओळख क्रमांक देणारी राष्ट्रीय नोंदवही ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली आहे. दूरसंवादाच्या बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे गेलो : २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर भारतातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून सल्ला देऊ शकतो.

सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यात बांबोळीला जातात, कर्नाटकातले मिरजेला येतात. रुग्णांनी सीमा ओलांडण्याची आपल्याला सवयच आहे. आता डॉक्टरांचा सल्ला सीमा ओलांडू लागला आहे. मग तिसरे काम कोण करणार? नागपूरच्या रुग्णाने चेन्नईच्या डॉक्टरचा फोनवर सल्ला घेतला आणि अपाय झाला, तर त्याने तक्रार मराठीत लिहून कोठे पाठवायची? परवाना सीमेपार नेणे तुलनेने सोपे आहे. तक्रारीचा पत्ता रुग्णाच्या घराजवळ ठेवणे हे अवघड काम आहे, आणि कोणत्याही सुधारणेची कसोटी तीच असली पाहिजे.

वर्गात करून पाहण्यासारखे

नागरिकशास्त्रात 'संघराज्य' हा धडा मुलांना कोरडा वाटतो. त्याऐवजी एक उद्योग देता येईल. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि औषधाच्या चिठ्ठीवर लिहावा, असा आपल्याकडे नियम आहे. मुलांनी घरातल्या जुन्या चिठ्ठ्यांवर तो शोधावा. क्रमांक आहे का? तो कोणत्या परिषदेने दिला आहे? (रुग्णाचे नाव आणि आजार झाकून ठेवायला सांगावे, तेवढे खासगीपण जपणे हाही धड्याचाच भाग आहे.)

मग वर्गाचे तीन गट करावेत : एक गट सीमेवरच्या गावातल्या रुग्णांचा, दुसरा डॉक्टर-परिचारिकांचा, तिसरा राज्याच्या परिषदेचा. प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारावा, 'एक परवाना देशभर चालावा का?' वाद रंगला की फळ्यावर परवान्याची तीन कामे लिहावीत, आणि प्रत्येक गट कोणत्या कामाविषयी बोलतो आहे ते मुलांनाच ओळखू द्यावे. रुग्णांचा गट बहुधा पहिल्या कामापासून सुरुवात करील आणि बोलता बोलता तिसऱ्यावर येईल. तसे झाले, तर न्यायमूर्ती फील्ड यांनी १८८९ मध्ये काय म्हटले होते, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.